घरी काडतुसं भरणं, परवाना आणि आजोबांची बारा बोर : ग्वाल्हेरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरात बंदूक हा काही नवा विषय नाही. चंबळ पट्ट्यात परवान्यांचे अर्ज इतके येतात, की २०१९ साली इथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी ‘आधी दहा झाडं लावा, त्यांच्यासोबतचा फोटो जोडा, मग अर्ज’ अशी अट घातली होती. लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत, विशेषतः गोठींमधून (सरदारांच्या जुन्या वस्त्यांमधून), वडिलोपार्जित बंदूक अजूनही सापडते. आता त्यात अमेरिकन व्हिडिओंची भर पडली आहे : माणूस गॅरेजमध्ये बसून एक दांडा खालीवर करतो आणि चकचकीत काडतुसं खोक्यात पडत जातात. ‘आपल्याला जमेल का?’ असं मग सगळेच विचारतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ केंद्राचे आहेत, त्यामुळे इंदूर-बडोद्याच्या मंडळींनाही हीच उत्तरं लागू. प्रकरण कोर्टात गेलेलं असेल तर मात्र वकील गाठा.

१. रीलोडिंग म्हणजे नक्की काय करतात?

काडतुसाचे चार भाग : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. झाडल्यावर टोपी आणि दारू जळते, गोळी निघून जाते. पुंगळी तेवढी हातात राहते. ती दाबामुळे जराशी फुगलेली असते. तिला पुन्हा मापात आणायचं, जळलेली टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू भरायची आणि नवी गोळी बसवायची, याला रीलोडिंग म्हणतात. काडतुसात सगळ्यात महाग भाग पितळाचा आणि तो पुन्हापुन्हा वापरता येतो, एवढंच यामागचं अर्थशास्त्र.

२. व्हिडिओत दिसतो तो प्रोग्रेसिव्ह प्रेस वेगळा कसा?

साध्या प्रेसमध्ये एका वेळी एकच काम होतं. शंभर पुंगळ्या मापात आणा, मग शंभरांच्या टोप्या बसवा, मग दारू. प्रोग्रेसिव्हमध्ये खाली एक फिरती चकती असते आणि तिच्या खाचांमध्ये चार-पाच पुंगळ्या एकदम उभ्या असतात. दांडा एकदा ओढला की प्रत्येक पुंगळीवर तिच्या टप्प्याचं काम होतं : एकीची टोपी निघते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, चौथीचं तोंड आवळलं जातं. म्हणजे दर ओढीला एक तयार काडतूस. काही यंत्रांत चकती हाताने फिरवावी लागते, काहींत आपोआप फिरते. तासाला ४००-५०० काडतुसं सहज निघतात, म्हणून स्पर्धेत भरपूर गोळ्या झाडणारे अमेरिकन नेमबाज ते घेतात.

या वेगाची किंमतही असते, ती प्रश्न ७ मध्ये.

३. माझ्याकडे बत्तीस बोर रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. त्यावर मी घरी स्वतःपुरती काडतुसं भरू शकतो ना?

नाही. तुमचा परवाना कलम ३ खालचा आहे : शस्त्र आणि काडतुसं विकत घेणं, जवळ ठेवणं. काडतूस तयार करणं कलम ५ मध्ये येतं आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. ‘स्वतःपुरती’, ‘विकत नाही’, ‘फक्त सरावाला’ ही कारणं सांगून कलम ५ टळत नाही.

शिक्षा किती, हे अनेकांना माहीत नसतं. कलम ५ मोडून शस्त्र किंवा दारूगोळा बनवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं कैद, जास्तीत जास्त जन्मठेप, वर दंड. परवाना नसताना साधं शस्त्र जवळ बाळगल्याच्या शिक्षेपेक्षा ही कितीतरी जास्त आहे. कायद्याच्या नजरेत घरात काडतूस बनवणारा आणि गावठी कट्टे बनवणारा एकाच पोटकलमात बसतात. हे फार कठोर वाटतं, आणि क्रीडा नेमबाजांसाठी वेगळी वाट असायला हवी असं माझंही मत आहे. पण आज कायदा हा आहे.

दारू आणि टोप्यांचा मुद्दा आणखी वेगळा. ही स्फोटकं आहेत. त्यांच्यावर स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ लागू होतात आणि त्याचं मुख्य खातं नागपूरला आहे.

४. दारू नाही, टोप्या नाहीत. नुसता प्रेस आणि डाय (पुंगळीला मापात आणणारे साचे) आणून ठेवले तर? ते लोखंडच आहे ना?

कायद्यात ते नुसतं लोखंड नाही. कलम २ मधली दारूगोळ्याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे आणि तिच्यात दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे प्रेस म्हणजेच दारूगोळा. परदेशातून आणला तर कलम १० चा, आयात परवान्याचा प्रश्नही उभा राहतो. कस्टमने ‘जिमचं सामान’ म्हणून सोडलं तरी तो प्रश्न मिटत नाही, फक्त नंतर उभा राहतो.

५. माझा मेहुणा न्यू जर्सीत बिनधास्त घरी भरतो. मग ते बेकायदा कसं?

तिथे ते बेकायदा नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला परवाना लागत नाही. विक्रीसाठी बनवायची तर लागतो. तुम्ही तिकडे गेलात आणि त्याच्या गॅरेजमध्ये बसून बघितलंत तर तिथले नियम. मात्र परत येताना आठवण म्हणून चार पुंगळ्या किंवा डायचा सेट सामानात टाकू नका. कारण प्रश्न ४ मध्ये आहे, आणि विमानतळावर काय होतं ते प्रश्न १४ मध्ये.

६. क्लबात .२२ च्या रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग पडतो. त्या का भरत नाहीत?

भरता येत नाहीत म्हणून. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस. त्याला वेगळी टोपी नसतेच. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत पसरलेला असतो. घोड्याचा मार त्या कडेवर बसला की ती चेपते आणि तिथेच तिचा जन्म संपतो.

यातली गंमत बघा. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल, ज्यात कोल्हापूरच्या राही सरनोबतने नाव काढलं, ते .२२ वरच खेळतात. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, ज्यात स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं, तीही .२२. दहा मीटरला तर छर्राच. म्हणजे रायफल-पिस्तुलाच्या ज्या प्रकारांतून ऑलिंपिक गाठता येतं, त्यात कुठेही रीलोडिंगला जागा नाही. रीलोडिंगचा उपयोग आहे तो बत्तीस बोर सेंटरफायर (पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी असलेल्या) पिस्तुलासारख्या प्रकारांना, आणि तिथे आपल्याकडे कारखान्याचीच काडतुसं वापरतात : खडकीच्या दारूगोळा कारखान्याची किंवा राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत आयात झालेली. प्रेस नसल्याने आपलं नेमकं काय अडलंय, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

७. समजा कायद्याची अडचण नसती. यंत्र एवढं चांगलं आहे, तर धोका कसला?

पिस्तुलाच्या दारूचा. ती जोरदार असते आणि थोडीशीच लागते. बऱ्याचदा पुंगळी अर्धीही भरत नाही. त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी ती आत मावते, वर गोळी बसते आणि बाहेरून काहीच कळत नाही. झाडल्यावर कळतं.

उलट चूक म्हणजे दारू पडलीच नाही. मग फक्त टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि अर्ध्यात अडकते. नेहमीच्या दणक्याऐवजी ‘फट्’ असा बारका आवाज येतो, हाताला झटका जाणवत नाही. घाईत असलेला माणूस ‘मिसफायर’ म्हणतो आणि पुढचा बार टाकतो. दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळते, नळी फुगते किंवा फाटते. म्हणून रेंजवर असा आवाज आला की पंच ‘थांबा’ ओरडतात आणि नळीतून सळई घालून बघितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. हे कारखान्याच्या काडतुसालाही लागू आहे, लक्षात असू द्या.

प्रोग्रेसिव्हवर या दोन्ही चुका बहुतेक वेळा एकाच क्षणी होतात : ओढ मध्येच थांबली तेव्हा. टोपी अडकली, फोन वाजला, कोणी हाक मारली. दांडा परत ओढताना कुठल्या पुंगळीत दारू पडली होती आणि कुठलीत नाही, ते आठवत नाही. एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवर सगळ्या पुंगळ्या ओळीने लावून टॉर्चने आत बघता येतं. इथे चार पुंगळ्या चार अवस्थांत असतात.

दाबाचं भानही हवं. अमेरिकन मानकांनुसार बत्तीस बोर एस अँड डब्ल्यू लाँगची मर्यादा चौरस इंचाला १५,००० पौंड, ९ एमएमची ३५,०००. शिवाय टोपीच्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं. ती धूळ बोटांवरून तोंडात जाते. घरात लहान मूल असेल तर हा धोका बंदुकीपेक्षा जवळचा आहे.

८. शहराबाहेर कोणीतरी ‘भरून देतो’ असं ऐकलंय. स्वस्त पडतात म्हणे.

घेऊ नका. विकणारा कलम ५ मध्ये अडकतो आणि तुम्ही त्याच्यासोबत. शिवाय परवानाधारकाकडच्या प्रत्येक काडतुसाचा हिशोब दुकानदाराच्या पावतीशी जुळायला हवा. भरलेल्या काडतुसाला पावती कुठली? आणि ते कोणी, कुठल्या दारूने, किती मोजून भरलं, हे तुम्हाला माहीत नाही. उरलेलं प्रश्न ७ मध्ये.

घोड्याची स्प्रिंग किंवा फायरिंग पिन बदलायलाही हाच नियम. दुरुस्तीसुद्धा कलम ५ मध्ये आहे, त्यामुळे ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी काम परवानाधारक दुकानातूनच.

९. झाडलेल्या पुंगळ्या टाकून देऊ का ठेवू?

ठेवा. नवी काडतुसं घेताना किंवा परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी रिकाम्या पुंगळ्या मागण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. इथे त्यांना ‘खोके’ म्हणतात. तुमच्या परवान्यावर दोन आकडे लिहिलेले असतात : एका वेळी किती काडतुसं आणि वर्षाला किती. खरेदीची पावती, शिल्लक काडतुसं आणि पुंगळ्या या तिन्हींची बेरीज जुळली की कोणी काही विचारत नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात, वर तारीख आणि रेंजचं नाव लिहून ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका.

१०. आजोबा गेले. परवाना त्यांच्या नावावर, बंदूक कपाटात. आता?

परवानाधारक गेला की परवाना संपतो आणि बंदूक घरात ठेवण्याचा हक्कही संपतो, घर तेच असलं तरी. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. तेराव्यापर्यंत थांबण्याची सवलत कायद्यात नाही, पण ठाण्यात मृत्यूची खबर आणि अर्ज लगेच दिला तर कोणी अडवत नाही, असाच सहसा अनुभव.

वारसाला ती आपल्या नावावर हवी असेल तर नवा परवाना काढावा लागतो : इतर वारसांचं नाहरकत पत्र, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलीस चौकशी, आणि राष्ट्रीय नोंदणीतला युनिक आयडी क्रमांक. आजोबा हयात असतानाही हस्तांतर होऊ शकतं, वय ७० झालं असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षं असेल तर. माझा सल्ला, हयातीतच करून टाका. सही करणारा माणूस समोर असतो, भावाभावांत कागदावरून बोलाचाली होत नाही.

आणि २०१९ पासून सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका. वारशाने आलेलीही त्या दोनातच मोजतात.

११. त्यांच्या ट्रंकेत जुनी काडतुसं निघाली. झाडून संपवू का?

मुळीच नाही. अशी काडतुसं मी बघितली आहेत : बारा बोरची, लाल कागदी टरफलाची. पावसाळ्यामागून पावसाळे खाऊन कागद फुगलेला, त्यामुळे ती चेंबरमध्ये शिरतच नाहीत. पितळी बुडावर हिरवी बुरशी, टोपीभोवती पांढुरकी कड. एखादं वाजतं, एखादं अर्धवट पेटून उशिरा वाजतं. उघडून छर्रे वेगळे काढू नका, पाण्यात बुडवू नका, होळीत तर अजिबात टाकू नका. कोरड्या डब्यात ठेवा आणि बंदुकीसोबतच जमा करा. कसं, ते प्रश्न १६ मध्ये.

१२. दिवाणखान्यात भिंतीवर तोड्याची जुनी बंदूक टांगलेली आहे. तिलाही परवाना?

इथे कलम ४५ ची सूट उपयोगी पडते. जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्याला कायदा लागू नाही. जोर ‘दुरुस्त करूनही’ या शब्दांवर आहे. नळीत शिसं ओतून बंद केलं असेल, कानाचं छिद्र बुजवलं असेल तर बोलता येईल. नुसती गंजलेली, पण साफ केली तर बार काढेल अशी ठासणीची बंदूक सुटत नाही. शंका असेल तर परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याला दाखवा आणि कलेक्ट्रेटच्या शस्त्र शाखेकडून लेखी घ्या.

१३. खंडेनवमीला शस्त्रपूजेत बंदूक ठेवतो. काडतुसंही ठेवू का?

बंदूक ठेवा, रिकामी करून, दोनदा बघून. काडतुसं कपाटातच कुलपात राहू द्या. परवाना ज्याच्या नावावर आहे तो घरात हवा. पूजेनंतर पोरांच्या हाती ‘धरून बघ’ म्हणून देऊ नका. स्टेटसवर फोटो टाळा. हळदकुंकू आणि ओल्या फुलांची ओल लोखंडाला लागते, संध्याकाळी कोरडं फडकं आणि तेलाचा हात फिरवा. गेंदाच्या पाकळ्या घोड्याखाली अडकतात, तिथे ब्रश घाला.

याच्याच जोडीचा प्रश्न लग्नातल्या हर्ष फायरचा, म्हणजे आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडण्याचा. परवाना असला तरी गुन्हा : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच.

१४. विमानतळावर बॅगेत विसरलेलं एक काडतूस सापडलं. अटक होते का?

गुन्हा दाखल होऊ शकतो, विमान तर नक्कीच चुकतं. पुढे बचावासाठी ‘जाणीवपूर्वक ताबा’ हा मुद्दा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये, आपल्याच मध्य प्रदेशातल्या गुणवंतलाल प्रकरणात, ताब्यात जाणीव किंवा माहिती असायला हवी असं म्हटलं. त्या आधारावर एकट्यादुकट्या विसरलेल्या काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्दही केले आहेत. पण तिथपर्यंत जायला वेळ आणि वकील दोन्ही लागतात. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग वेगळी ठेवा. एवढंच करायचं असतं.

१५. मग सरावाला काय करू? मुलगी तेरा वर्षांची आहे, तिलाही शिकायचंय.

एअर पिस्तूल घ्या. ४.५ मिमी बोर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या शस्त्रांना परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद करतो. स्पर्धेचं पिस्तूल सहा-सात ज्यूलच्या आसपास असतं, म्हणजे मर्यादेच्या बरंच आत. ५.५ मिमीचं मात्र घेऊ नका, ते परवान्यात जातं.

खेळ सोपा दिसतो. दहा मीटरवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी, ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन, ६० बार, ७५ मिनिटं. मनू भाकरने पॅरिसमध्ये यातच दोन कांस्यं घेतली. घरात दहा मीटर लांब खोली कोणाची असते? गच्ची किंवा जुन्या वाड्याचा सोपा असेल तर उत्तम. नाहीतर पाच मीटरवर निम्म्या आकाराचं लक्ष्य लावा. मध्यबिंदू जमिनीपासून १.४ मीटर. मागे जाड लोखंडी पेटी हवी, कारण भिंतीवरून छर्रा उलटून येतो. डोळ्यांना चष्मा, मधे कोणी येऊ नये म्हणून दार बंद, शेवटी साबणाने हात. आणि रोजचा अर्धा सराव छर्ऱ्याविना, नुसता ट्रिगर. पुढे .२२ कडे जायचं तर १२ वर्षांपासून प्रशिक्षणात, देखरेखीखाली झाडता येतं. स्वतःच्या नावावर परवाना मात्र २१ नंतरच.

एअर पिस्तुलाच्या हवेच्या नळकांड्यावर मुदत छापलेली असते, बहुधा दहा वर्षं. २०० बारचा दाब असतो. सेकंडहँड घेताना आधी ती तारीख वाचा, मग पिस्तूल हातात घ्या.

१६. जुनी काडतुसं जमा करायला गेलो आणि ठाण्यात मलाच बसवून ठेवलं तर?

ही भीती खरी आहे, म्हणूनच लोक ट्रंक पुन्हा बंद करतात आणि प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलतात. पिशवीत घेऊन थेट जाऊ नका. आधी साध्या कागदावर अर्ज लिहा : कोणाचा परवाना, क्रमांक, मृत्यूची तारीख, काय आणि किती सापडलं, कधी सापडलं. मृत्यूचा दाखला आणि जुन्या परवान्याची प्रत जोडा. परवान्याचं पुस्तक सापडत नसेल तर कलेक्ट्रेटच्या शस्त्र शाखेत जुन्या नोंदीची चौकशी करा. अर्ज दोन प्रतींत, एकीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख. काडतुसं घरीच राहू द्या, फोटो काढून ठेवा आणि ‘कधी आणू की तुम्ही येता?’ हे त्यांनाच विचारा. जमा करताना पावतीवर बोर आणि नग लिहून घ्या. नुसतं ‘काही जुनी काडतुसं’ असं लिहिलं तर सही करू नका.

निवडणुकीच्या काळात जाणार असाल तर ठाण्यात परवानाधारकांची रांग असते, कारण आचारसंहितेत बंदुका जमा करायला लावतात. तेव्हा दुपारी तीननंतर जा.